कुत्र्याच्या मेंदूतील गाठ आणि प्रायोगिक उपचार: मुंबईतील पालकांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

जवळजवळ महिनाभर आमचा बॉक्सर जातीचा कुत्रा ताटलीतला भात फक्त उजव्या बाजूचा खात होता. डावीकडचा भात तसाच राहायचा, आणि ताटली फिरवून ठेवली की तोच भात तो चाटूनपुसून संपवायचा. नऊ वर्षांचा झाला, वयाबरोबर नखरे वाढले, असे समजून आम्ही ताटली फिरवत राहिलो. पुढे एका पहाटे त्याला झोपेतच फिट आली, एमआरआय झाला आणि मेंदूच्या पुढच्या भागात उजवीकडे गाठ दिसली. तेव्हा पशुवैद्यांनी समजावले की मेंदूच्या उजव्या बाजूला इजा झाली की डावीकडचे जग कुत्र्याच्या लक्षातून निसटते. डोळा शाबूत असतो, तरी डावीकडचा भात त्याच्यासाठी नसतोच.

ज्यांच्या घरी हे नुकतेच घडले आहे आणि जे रात्री जागून मोबाईलवर ‘ट्रायल’ हा शब्द शोधत आहेत, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे. एक गोष्ट मला फार उशिरा उमगली: प्रायोगिक उपचाराची चाचणी हा संशोधकांनी विचारलेला एक प्रश्न असतो. त्या प्रश्नाचे उत्तर मिळताना आपल्या कुत्र्याला लाभ होईल किंवा होणार नाही. म्हणून त्यात शिरण्याआधी प्रश्न नेमका कोणता आहे आणि तो विचारला जात असताना आपल्या कुत्र्याचे दिवस कसे जातील, हे समजून घेणे पालकाचे काम आहे.

पहिली पायरी: निदान कितपत पक्के आहे ते पाहा

पाच वर्षांहून मोठ्या कुत्र्याला आयुष्यात पहिल्यांदा फिट आली तर गाठीची शंका घ्यावीच लागते, पण प्रत्येक फिट गाठीची नसते. डिस्टेंपर हा विषाणूचा आजार, मेंदूचा दाह, रक्तातील साखर एकदम उतरणे, यकृताचा आजार, विषबाधा, पक्षाघात अशी अनेक कारणे असतात. रक्त आणि लघवीच्या तपासण्या, छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी एमआरआयच्या आधीच करून घ्यावी, कारण दुसऱ्या अवयवातला कर्करोग मेंदूत पसरलेला असेल तर पुढचा सगळा विचार बदलतो. एमआरआयसाठी पूर्ण भूल द्यावी लागते, त्यामुळे हृदयाची तपासणीही टाळू नये.

कुत्र्यांच्या मेंदूत मूळ धरणाऱ्या गाठींमध्ये दोन प्रकार प्रमुख आहेत. मेनिंजिओमा ही मेंदूवरच्या आवरणातून वाढणारी गाठ सर्वाधिक आढळते आणि जागा सोयीची असेल तर ती शस्त्रक्रियेने बरीचशी काढता येते. ग्लायोमा मेंदूच्या पेशींमध्येच मिसळलेला असतो. तो बॉक्सर, बॉस्टन टेरियर, फ्रेंच बुलडॉग, बुलडॉग अशा आखूड नाकाच्या जातींत जास्त दिसतो. एमआरआय पाहून तज्ज्ञ चांगला अंदाज बांधू शकतात, पण खात्री ऊतीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावरच होते, आणि पक्षाघाताचा डाग कधी कधी हुबेहूब ग्लायोमासारखा दिसतो. अहवालात ‘शक्यता’ असे लिहिले असेल तर तो शब्द गंभीरपणे घ्या. अनेक चाचण्यांमध्ये बायोप्सीने सिद्ध झालेलीच गाठ लागते.

मुंबईत सुरुवात कुठून करावी, असे पुष्कळ जण विचारतात. परळला 1886 साली स्थापन झालेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि ज्याला सगळी मुंबई बैलघोडा हॉस्पिटल म्हणते ते बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयही तिथेच आहे. महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचे लहान प्राण्यांचे रुग्णालय 2024 मध्ये सुरू झाले. एमआरआयची सोय आणि मेंदूविकारांचा अनुभव असलेले पशुवैद्य त्या आठवड्यात कुठे उपलब्ध आहेत, हे आपल्या नेहमीच्या पशुवैद्यांना विचारून आणि स्वतः फोन करून ठरवावे. गाडीत बसल्यावर चौकशी सुरू करू नये.

दुसरी पायरी: पहिल्या गोळीआधी एक प्रश्न

फिट आवरण्यासाठी फिनोबार्बिटोन किंवा लेव्हेटिरासिटाम, आणि गाठीभोवतीची सूज उतरवण्यासाठी प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड, हा नेहमीचा आणि योग्य उपचार आहे. स्टिरॉइड सुरू झाल्यावर दोन-तीन दिवसांत कुत्रा इतका सुधारतो की घरातले रडू थांबते. मात्र रोगप्रतिकारशक्तीला गाठीविरुद्ध उभे करणाऱ्या लशीसारख्या उपचारांच्या चाचण्या स्टिरॉइडवर असलेल्या कुत्र्यांना बहुधा घेत नाहीत, किंवा मात्रा ठरावीक मर्यादेच्या खाली हवी असे सांगतात, कारण स्टिरॉइड नेमकी तीच शक्ती दाबते. आधी रेडिएशन किंवा किमोथेरपी झालेली असेल तरीही अनेक दारे बंद होतात.

याचा अर्थ औषध लांबवावे असा मुळीच नाही. कुत्रा गुंगीत असेल, भिंतीला डोके टेकून उभा राहत असेल किंवा एकामागून एक फिट येत असतील तर आधी त्याला सांभाळायचे, चाचणीचा विचार नंतर. पण प्रकृती स्थिर असेल तर पशुवैद्यांना एवढेच विचारावे: “डॉक्टर, ट्रायलचा विचार करायचा असेल तर स्टिरॉइड आज सुरू करू की दोन दिवस थांबता येईल?” निर्णय त्यांचा असू द्या आणि औषध सुरू झाल्याची तारीख व मात्रा वहीत लिहा. फिटचे औषध मनाने कधीही बंद करू नये. ते अचानक थांबवल्यास फिट अधिक जोराने उलटतात. माणसांसाठीचे पातळ औषध घ्यावे लागले तर त्यात झायलिटॉल नाही ना, हे केमिस्टकडून तपासून घ्यावे, कारण हा गोड पदार्थ कुत्र्यांसाठी विषारी आहे.

तिसरी पायरी: फाईल अशी ठेवा की सातासमुद्रापार वाचता येईल

आमच्या हातात एका केंद्राने फक्त काळ्या फिल्म दिल्या होत्या. परदेशातील विद्यापीठाला त्यांचे मोबाईलवर काढलेले फोटो पाठवले, आणि आठवडाभराने उत्तर आले की यावरून काहीच ठरवता येणार नाही. मूळ डिजिटल फाईल मिळवण्यासाठी आणखी चार फेऱ्या झाल्या. ग्लायोमाच्या हिशेबात दहा-बारा दिवस फार मोठे असतात. त्यामुळे एमआरआयच्या दिवशीच डायकॉम स्वरूपातील, म्हणजे यंत्राने काढलेल्या मूळ प्रतिमांची, संपूर्ण फाईल पेन ड्राईव्हवर मागून घ्या आणि घरी आल्यावर ती उघडते का ते पाहा. कॉन्ट्रास्ट (गाठ उठून दिसावी म्हणून शिरेतून दिले जाणारे द्रव्य) देऊन काढलेल्या प्रतिमा तीत आहेत का, हेही विचारा.

फाईलमध्ये लसीकरणाची पुस्तिका, सर्व रक्ततपासण्या, औषधांची तारीखवार यादी आणि फिटची नोंदवही असावी. नोंदवहीत तारीख, वेळ, फिट किती सेकंद चालली, त्याआधी तो काय करत होता आणि सावरायला किती वेळ लागला, एवढे लिहिले तरी पुरे. शक्य असेल तेव्हा घरातल्या दुसऱ्या कोणी व्हिडिओ काढावा. घाबरलेल्या माणसाला वीस सेकंद पाच मिनिटांसारखी वाटतात, त्यामुळे घड्याळ पाहण्याची सवय लावून घ्यावी.

चौथी पायरी: कुठे काय चालते ते ओळखा

कुत्र्यांना मेंदूच्या गाठी माणसांप्रमाणेच आपोआप होतात, प्रयोगशाळेत मुद्दाम लावाव्या लागत नाहीत, आणि कुत्र्याचा ग्लायोमा माणसाच्या ग्लायोमाशी पुष्कळ मिळताजुळता असतो. म्हणूनच अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेत 2003 पासून तुलनात्मक कर्करोगशास्त्राचा, म्हणजे प्राण्यांचा आणि माणसांचा कर्करोग शेजारी ठेवून अभ्यासण्याचा, स्वतंत्र कार्यक्रम चालतो. आपल्याकडे परळमध्ये टाटा मेमोरियल आणि बैलघोडा हॉस्पिटल एकाच भागात आहेत. केमो घेऊन परतणारी माणसे आणि पट्ट्याला धरलेली कुत्री त्याच रस्त्यांनी जातात, आणि हे शास्त्र त्या दोन दारांमधले अंतर कमी करू पाहते, असे मला नेहमी वाटते.

सर्वांत ठाऊक उदाहरण मिनेसोटा विद्यापीठाचे आहे. तेथे ऑगस्ट 2008 मध्ये पशुशल्यचिकित्सक लिझ प्लूहार आणि संशोधक जॉन ओल्फेस्ट यांच्या चमूने बॅटमॅन नावाच्या कुत्र्याची गाठ काढली आणि त्याच गाठीच्या पेशींपासून तयार केलेली लस त्याला दिली. फेब्रुवारी 2010 मध्ये तो वेगळ्या कारणाने गेला, गाठ परतली नव्हती. ही गोष्ट खरी आहे आणि ती वाचून उमेद वाटणे स्वाभाविक आहे, पण एका कुत्र्याच्या गोष्टीवरून आपल्या कुत्र्याचा अंदाज बांधता येत नाही.

व्हर्जिनिया टेकमध्ये अतिजलद विद्युत स्पंदांनी गाठीच्या पेशींची आवरणे फोडण्याच्या पद्धतीवर, आणि बारीक नळीतून औषध थेट गाठीत हळूहळू सोडण्यावर काम झाले आहे. रक्त आणि मेंदू यांच्यामधील नैसर्गिक अडसरामुळे तोंडाने किंवा शिरेतून दिलेली बरीच औषधे गाठीपर्यंत पोहोचतच नाहीत. नळीची कल्पना त्या अडचणीतूनच आली. गाठीच्या पेशींनाच लागण होईल असे बदललेले हर्पिस विषाणू वापरणाऱ्या चाचण्याही कुत्र्यांवर झाल्या आहेत.

चालू चाचण्या शोधण्यासाठी अमेरिकन पशुवैद्यक संघटनेची प्राणी-आरोग्य अभ्यासांची खुली यादी पाहावी. त्यात प्रजाती आणि आजार निवडून शोध घेता येतो. विद्यापीठाला थेट लिहिण्यापेक्षा आपल्या पशुवैद्यांमार्फत लिहिले तर उत्तर लवकर आणि नेमके येते.

पाचवी पायरी: संमतीपत्र सही करण्याआधी दोनदा वाचा

या पायरीवर सर्वाधिक वेळ द्या. इंग्रजीतील संमतीपत्र घरातील प्रत्येक मोठ्या माणसाला मराठीत समजावून सांगा. ज्याला ते समजावून सांगता येत नाही, त्याला ते स्वतःलाही समजलेले नसते.

पहिला प्रश्न चाचणीच्या टप्प्याचा. सुरुवातीच्या चाचण्यांमध्ये औषधाची किती मात्रा सहन होते हे पाहिले जाते. काही कुत्र्यांना मुद्दाम कमी मात्रा मिळते, काहींना वाढवत नेलेली, आणि गाठ आटोक्यात येणे हा त्या चाचणीचा मुख्य हेतूच नसतो. उपचार उपयोगी आहे का हे पाहणाऱ्या चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट असू शकतो, आणि आपला कुत्रा कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठी काढल्यासारखे ठरते. त्या गटाला किमान प्रस्थापित उपचार तरी मिळणार आहे का, ते स्पष्ट विचारा.

मग दिवसांचा हिशेब मांडा. किती वेळा भूल, किती एमआरआय, रुग्णालयात किती रात्री, मणक्यातील पाणी काढणार का. आमच्या पशुवैद्यांनी एक चांगली सवय लावली होती: कॅलेंडरवर चाचणीचे दिवस लाल आणि कुत्रा घरी मजेत असेल ते दिवस हिरवे करा. एकट्या प्रेडनिसोलोनवर आणि फिटच्या औषधावर मेंदूची गाठ असलेले अनेक कुत्रे काही आठवडे ते काही महिनेच काढतात, त्यामुळे लाल चौकोन हिरव्यांना खाऊन टाकत असतील तर ते डोळ्यांना लगेच दिसते.

खर्चाच्या बाबतीत ‘मोफत’ या शब्दावर थांबू नका. प्रायोगिक औषध बहुधा मोफत असते. पण निदानाचा खर्च, प्रवास, गुंतागुंत झाल्यास अतिदक्षता विभाग, आणि चाचणी संपल्यावर पुढची औषधे कोण देणार, हे लेखी घ्या. कोणत्याही क्षणी कारण न देता बाहेर पडता येते का, आणि बाहेर पडल्यावर नेहमीचे उपचार चालू राहतात का, हेही संमतीपत्रात असले पाहिजे. मृत्यूनंतर शवविच्छेदनाची अट पुष्कळ चाचण्यांत असते. ती वाचून मन हेलावते, पण गाठीचे खरे स्वरूप त्यातूनच सिद्ध होते, म्हणून ती अट मला न्याय्य वाटते.

सहावी पायरी: परदेशाचा विचार असेल तर आधी कॅलेंडर काढा

रतन टाटा यांनी एका मुलाखतीत सांगितले होते की त्यांनी आपल्या कुत्र्याला सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठी मिनेसोटा विद्यापीठात नेले होते, पण तोवर उशीर झाला होता. ज्यांच्याकडे साधनांची कमतरता नव्हती त्यांनाही वेळ विकत घेता आला नाही.

भारत हा अमेरिकेच्या यादीत रेबीजचा मोठा धोका असलेला देश आहे. 1 ऑगस्ट 2024 पासून लागू झालेल्या नियमांनुसार अशा देशात लस घेतलेल्या कुत्र्याला मायक्रोचिप, ठरलेल्या नमुन्यातील प्रमाणपत्रे, मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा रेबीज प्रतिपिंडांचा अहवाल आणि नेमून दिलेल्या विमानतळावरील प्राणी-देखभाल केंद्राचे आरक्षण लागते. रक्ताचा नमुना पहिल्या लशीनंतर किमान 30 दिवसांनी आणि प्रवेशाच्या किमान 28 दिवस आधी घेतलेला हवा. अहवाल नसेल तर 28 दिवसांचे विलगीकरण आहे. नियम बदलत असतात, म्हणून तिकीट काढण्याआधी अधिकृत संकेतस्थळ पुन्हा पाहावे. इथून निघताना केंद्र सरकारच्या पशु विलगीकरण व प्रमाणन सेवेचे आरोग्य प्रमाणपत्र लागते, आणि परत आणण्यासाठी त्याच सेवेचा ना हरकत दाखला घ्यावा लागतो.

आता ही मुदत वर लिहिलेल्या आठवड्यांच्या शेजारी ठेवून पाहा. शिवाय ग्लायोमा ज्या आखूड नाकाच्या जातींत जास्त होतो, नेमक्या त्याच जातींना श्वासाच्या त्रासामुळे अनेक विमान कंपन्या सामानाच्या कक्षातून (कार्गो) नेत नाहीत. मुंबईतल्या बहुतेक कुत्र्यांसाठी परदेशी चाचणी प्रत्यक्षात आवाक्याबाहेर असते, हे मी स्पष्ट सांगते, कारण मला ते कोणी सांगितले नाही आणि आमचे दिवस अर्ज भरण्यात गेले. तज्ज्ञांचा सल्ला मात्र आवाक्यात असतो. परदेशातील तज्ज्ञ आपल्या पशुवैद्यांना प्रतिमांवरून मत देऊ शकतात, आणि त्यासाठी कुत्र्याला घराबाहेरही पडावे लागत नाही.

सातवी पायरी: इथेच कोणी ‘नवा उपचार’ देऊ करत असेल तर

प्राणी क्रूरता प्रतिबंधक अधिनियम, 1960 आणि त्याखालील 1998 चे नियम यांनुसार प्राण्यांवरील प्रयोगांवर देखरेख करणारी केंद्रीय समिती आहे, आणि प्रयोग करणाऱ्या संस्थेत प्राणी नीतिमत्ता समिती असावी लागते. म्हणून स्टेम सेल, लस किंवा कोणतेही इंजेक्शन ‘प्रायोगिक’ म्हणून सुचवले गेले तर त्या समितीची मंजुरी, लेखी आराखडा आणि संमतीपत्र मागा. डॉक्टरांचा पशुवैद्यक परिषदेतील नोंदणी क्रमांकही पाहा. खरी चाचणी चालवणारा माणूस या प्रश्नांनी दुखावत नाही. जिथे आराखडा नाही, निकालांची नोंद नाही आणि पैसे मात्र आगाऊ आहेत, तिथून उठून यावे.

आठवी पायरी: चाचणी असो वा नसो, घर तयार ठेवा

फिट पाच मिनिटांहून लांबली किंवा चोवीस तासांत दोनहून अधिक आल्या तर ती आणीबाणी आहे. गुदद्वारातून द्यायचे डायझेपाम किंवा नाकात फवारायचे मिडाझोलाम घरी ठेवावे का, याची चिठ्ठी पशुवैद्यांकडून आधीच घ्यावी आणि ते कसे द्यायचे हे त्यांच्यासमोर करून पाहावे. फिट चालू असताना तोंडात हात, चमचा, पाणी काहीही घालू नये. फर्निचर बाजूला सारावे, दिवे मंद करावेत आणि घड्याळ पाहावे.

गुळगुळीत लाद्यांवर तोल गेलेला कुत्रा घसरतो, म्हणून पलंगापासून पाण्याच्या भांड्यापर्यंत रबरी मॅटची वाट करावी. गॅलरीची जाळी आणि जिन्याचे दार तपासावे. स्टिरॉइडमुळे तहान, भूक आणि लघवी वाढते. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्यांनी रात्री दीड वाजता लिफ्टने खाली जाण्याची पाळी आधीच वाटून घ्यावी, आणि सोसायटीच्या वॉचमनला कुत्र्याचा आजार सांगून ठेवावा. एका बाजूचे अन्न राहत असेल तर ताटली फिरवावी, आणि त्याला दिसत असलेल्या बाजूने जवळ जावे. गणपतीच्या दिवसांत, विशेषतः अनंत चतुर्दशीला, लालबाग-परळचे रस्ते बंद असतात. त्या दिवशी फिट आली तर कोणत्या रुग्णालयात आणि कोणत्या वाटेने जायचे हे आदल्या दिवशी ठरलेले हवे. दिवाळीत फटाक्यांपासून दूरची खोली आणि वेळेवर औषध, एवढे तरी सांभाळावे.

शेवटची पायरी: जी आम्ही चुकवली

कोणत्याही चाचणीत नसलेला कुत्रासुद्धा जाताना या शास्त्राला काही देऊ शकतो. शवविच्छेदन करायचे का, हे तो हिंडत-फिरत असतानाच घरात ठरवा आणि पशुवैद्यांना सांगून ठेवा. पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या विकृतिशास्त्र (पॅथॉलॉजी) विभागाकडे आधीच चौकशी करून नाव, फोन आणि वेळा लिहून ठेवा. देह लवकरात लवकर पोहोचवावा लागतो. तोवर तो बर्फाच्या पिशव्यांनी थंड ठेवावा, गोठवू मात्र नये, कारण गोठल्यावर मेंदूची ऊती तपासण्याजोगी राहत नाही.

आमचा बॉक्सर जुलैच्या एका मुसळधार रात्री गेला. आम्ही यातले काहीच ठरवले नव्हते, आणि सकाळी कोणाला फोन करावा हे विचारण्याइतके भान कोणाला उरले नव्हते. एमआरआयच्या अहवालात ‘ग्लायोमाची शक्यता’ असे लिहिले होते. ती गाठ खरोखर कोणती होती, हे आम्हाला कधीच कळले नाही.